कनात आणखी चार बोटं खाली

मित्रांनो, मी एक जुनी कनात आहे. सध्या आडवी आहे, तेव्हा उठून नमस्कार केला नाही म्हणून राग मानू नका.

कनात म्हणजे कापडाची भिंत. तंबूला छप्पर असतं, शामियान्याला झालर असते. मला यातलं काहीच नाही. मी नुसती बाजू. माझ्या पोटात थोड्या थोड्या अंतरावर बांबू शिवलेले असतात. ते जमिनीत रोवले आणि दोऱ्या ताणल्या की मी उभी राहते, आणि मग अलीकडचं पलीकडे दिसत नाही. एवढंच माझं काम. दिसू न देण्याचं काम जगात पुष्कळ लोक करतात, पण इतकं ताठ उभं राहून फार थोडे.

माझा जन्म ग्वाल्हेर संस्थानच्या फराशखान्यात झाला. तंबू, सतरंज्या, कनाती यांचं ते खातं. कापड जाड दोसुती. बाहेरून गेरूचा रंग, आतून पांढरं आणि त्यावर निळी फुलं. फुलं आतल्या बाजूला कशाला, असं एका नव्या शिंप्यानं विचारलं. "आतल्या बायकांना बघायला काहीतरी नको का?" असं उत्तर त्याला मिळालं. मग तो फुलं काढत बसला.

माझी उमेदीची वर्षं थाटात गेली. सरदारांच्या घरची लग्नं, देवदर्शनाचे मुक्काम, शिकारीची ठाणी. एका लग्नात तर वरमाई माझ्यावर हात फिरवून म्हणाली, "काय घट्ट वीण आहे हो!" नवऱ्या मुलीबद्दल ती त्या दिवशी एवढं चांगलं बोलली नव्हती.

मग संस्थान विलीन झालं. मध्य भारत नावाचं नवं राज्य झालं. त्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. कपाटं, टेबलं, खुर्च्या सगळ्या वर्षातून दोनदा आगगाडीनं जायच्या आणि यायच्या. सामानाबरोबर मीही जायची. इंदुरात मला कुणी उघडायचं नाही. गुंडाळलेली जायची, गुंडाळलेली यायची. वाटेत एका खुर्चीशी ओळख झाली. ती म्हणाली, तिचा साहेब इंदुरात राहिला आणि ती ग्वाल्हेरला परत आली, आणि तेव्हापासून दोघांचीही पाठदुखी गेली.

अशा प्रवासात चार वर्षं गेल्यावर जुन्या खात्यांच्या सामानाची वाटणी झाली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मुलींचं एक महाविद्यालय होतं. त्यांनी हार्मोनियम आणि शिवणयंत्रं मागितली होती. त्यांना संस्थानी पलटणीचे पेटीभर फुटबॉल आले आणि मी आले. हार्मोनियम बहुधा पलटणीला गेल्या.

सरकारी सामान आलं की ते वापरावं लागतं. म्हणून महाविद्यालयाच्या कमिटीनं फुटबॉल शिकवणारी बाई शोधली. मुलाखतीच्या वेळी मी त्याच खोलीत कोपऱ्यात गुंडाळलेली होते. कमिटीचे अध्यक्ष तात्यासाहेब समोर बसले होते. त्यांनी सारी हयात दरबारच्या कचेरीत काढली होती, आणि दरबार गेला तरी पगडी सोडली नव्हती.

"नाव?"

"इंदुमती उमाजी वाबळे."

"उमाजी वाबळे म्हणजे पलटणीतले?"

"हो, वडील. गोलकीपर होते."

"मी हुद्दा विचारला."

"हवालदार. पण गोलकीपर जास्त."

तात्यासाहेबांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही हा खेळ कुठं शिकलात?"

"अंगणात. भावाला जमेना, म्हणून वडील मला शिकवायचे."

"याखेरीज काही येतं?"

"हार्मोनियम वाजवते थोडी."

तात्यासाहेबांनी फुटबॉलच्या पेटीकडे फार दुःखी नजरेनं पाहिलं. पण दुसरी कुणी आलीच नव्हती. इंदुताई नेमल्या गेल्या. कमिटीनं अट एकच घातली: मुली खेळतील, पण कनातीच्या आत. कमिटीतले निम्मे लोक तोवर मुलींना खेळू द्यायलाच तयार नव्हते. मी कोपऱ्यात दिसले म्हणून ते तयार झाले. हे मी अभिमानानं सांगते.

मला उभी करायला माझ्यामागोमाग फराशखान्यातून कान्होजी आले. वय झालेलं, मिशी मोठी, मत त्याहून मोठं. त्यांनी मैदान पाहिलं, मला पाहिलं आणि जाहीर केलं, "बाईसाहेब, पूर्ण मैदानाला ही पुरायची नाही."

"मग?"

"मग मैदान छोटं करा. कनात तर छोटी आहेच."

अशा रीतीनं मैदान माझ्या मापाचं कापलं गेलं. मुली पहिल्या दिवशी नऊवारीचा काष्टा घट्ट मारून आल्या. पहिल्याच लाथेला एका मुलीची जोडवी उडाली, दुसरीची लाज उडाली, आणि खेळ सुरू झाला.

इंदुताई ओरडत नसत. त्यांचं सगळं शिक्षण एका शब्दात होतं: "पुन्हा." मुलगी पडली की पुन्हा. बॉल अडवता आला नाही की पुन्हा. अडवता आला तरी पुन्हा. जयेंद्रगंजातून येणाऱ्या तात्यासाहेबांच्या नातीनं, पद्मानं, एकदा वैतागून विचारलं, "ताई, आता तो मस्त मारला ना मी? फिर क्यों?"

"मस्त मारलास ते चुकून की ठरवून, ते कळायला."

पद्मा उजव्या बाजूनं पळायची. घरी तिला हळू चाल म्हणून सांगत, त्याची सगळी भरपाई ती माझ्या आत करायची. आणि तिनंच तो शोध लावला. बॉल जोरात माझ्यावर मारला की मी तो परत देते! कान्होजी मला ढोलासारखी ताणून बांधत. पद्मानं बॉल माझ्यावर हाणायचा, समोरच्या मुलीला वळसा घालून पुढं पळायचं, आणि मी दिलेला बॉल पुन्हा पायात घ्यायचा. महिन्याभरात सगळ्या मुली तसंच करू लागल्या. त्याला नाव पडलं कनातपास. आमच्या खेळात बॉल कधी बाहेर जायचाच नाही. बाहेर असं काही नव्हतंच. मी होते.

मित्रांनो, खरं सांगते, मला वाटायचं की संघात बारावी खेळाडू मी आहे. कधी कधी वाटायचं, पहिली.

तात्यासाहेब रोज संध्याकाळी येत. अध्यक्ष म्हणून देखरेख करणं त्यांचं कर्तव्य होतं, आणि खेळणाऱ्या मुलींकडे न पाहणं हेही कर्तव्यच होतं. त्यांनी दोन्ही साधलं. मैदानाबाहेर खुर्ची मांडून, माझ्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून ते बसत. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस त्यांनी चांगला तपासला. खेळ मात्र कधी पाहिला नाही.

अशी काही वर्षं सुखात गेली. मग पुन्हा राज्याची फेररचना झाली. मध्य भारत गेलं, मध्य प्रदेश आला, राजधानी भोपाळला गेली. ग्वाल्हेर आता हिवाळ्यातही राजधानी राहिलं नाही. आणि नव्या राजधानीतून खेळखात्याचे एक साहेब, कोणत्या जागा ठेवायच्या आणि कोणत्या नाही हे ठरवायला आले. तात्यासाहेबांनी त्यांना आत सोडलं नाही. पुरुष आहेत, म्हणाले. साहेब बिचारे माझ्या बाहेर कान लावून उभे राहिले.

"मॅडम, आवाज़ तो आ रही है," ते इंदुताईंना म्हणाले, "लेकिन मैंने देखा क्या? कुछ नहीं."

मग त्यांनी निकाल सांगितला. जो खेळ कुणी पाहिलाच नाही तो चालू आहे असं ते कसं मानणार? होळीनंतर ते पुन्हा येतील. तेव्हा उघड्यावर, पंच लावून, बाहेरच्या संघाशी एक सामना दाखवायचा. जिंकलात तर फुटबॉल राहील आणि इंदुताईंची जागाही राहील. हरलात तर जागा बंद, फुटबॉल पोलिसांना, आणि इंदुताईंनी सूतकताई शिकवायला मुरैन्याला जायचं.

"सूत कातता येतं?" साहेबांनी सौजन्यानं विचारलं.

"नाही," इंदुताई म्हणाल्या. "आणि शिकायचंही नाही."

बाहेरचा संघ जवळच होता. मोरारच्या छावणीतल्या नर्सबाई सुट्टीत फुटबॉल खेळत. साहेब येण्याआधी एकदा सराव म्हणून इंदुताईंनी मुलींना तिकडे नेलं. नर्सबाईंच्या आवाराला चारी बाजूंनी दगडी भिंत होती, म्हणून घरोघरची परवानगी मिळाली. मीही बैलगाडीतून गेले होते, पण भिंत आहे म्हटल्यावर मला कुणी उतरवलं नाही. भिंत मैदानापासून कितीतरी लांब होती. मी गाडीतून सगळं पाहत राहिले.

नर्सबाईंची कप्तान एक उंच सिस्टर होती. ती हसून म्हणाली, "बेटा, गिरो तो बताना. पट्टी भी हम ही बाँधेंगे."

खेळ सुरू झाला. पद्माला बॉल मिळाला. तिनं नेहमीसारखा तो बाजूला जोरात हाणला, समोरच्या सिस्टरला वळसा घातला, पुढं पळाली आणि बॉलची वाट पाहत उभी राहिली.

बॉल गेला. रेषेबाहेर गेला, कडुनिंबाखालून गेला, वाळत घातलेल्या चादरींखालून गेला. पद्मा उभीच. थोड्या वेळानं शांताला बॉल मिळाला. ती आमची पुढची खेळाडू, पाटणकर बाजारातल्या भांडेवाल्यांची मुलगी. तिनंही बॉल बाजूला हाणला आणि उभी राहिली. पंचांना वाटलं, मुली फार सभ्य आहेत, पाहुण्या म्हणून यजमानांना बॉल देतायत. अकरा मुली मैदानभर शांतपणे उभ्या राहून, गेलेला बॉल परत यायची वाट पाहत होत्या. नर्सबाई तेवढ्यात गोल करत होत्या. किती केले ते पंचांनीही मग मोजणं सोडलं.

परतताना गाडीत पद्मा म्हणाली, "ताई, त्यांचं मैदानच खराब आहे. बॉल परत देतच नाही."

इंदुताई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग वळून माझ्याकडे पाहू लागल्या. इतकी वर्षं माझ्याकडे लोकांनी पाहिलं होतं, पण अशा नजरेनं कुणी नाही.

"पद्मा," त्या म्हणाल्या, "कोणतंच मैदान बॉल परत देत नाही. तुम्हाला मी फुटबॉल शिकवलाच नाही. मी तुम्हाला कनातीशी खेळायला शिकवलं."

मला राग आला. फार आला. पण गुंडाळलेल्या कनातीला राग आला काय आणि न आला काय.

दुसऱ्या दिवशी इंदुताई तात्यासाहेबांकडे गेल्या आणि मला काढायची परवानगी मागून आल्या. म्हणजे मागून आल्या, घेऊन नाही. तात्यासाहेबांनी सांगितलं की कनात निघाली तर त्याच दिवशी मुली घरी बसतील, पद्मा सगळ्यांत आधी. साहेबांसमोरही कनात लावूनच खेळायचं. उघड्यावर आणि कनात लावून, हे दोन्ही कसं करायचं, ते बाईंनी बघावं.

इंदुताईंनी कान्होजींना बोलावलं. कान्होजींना आधीच संशय आला होता.

"बाईसाहेब, फराश कनात खडी करतो. उतरवत नाही. आपला तो धंदाच नाही."

"उतरवायची कुठं म्हणते मी? फक्त उद्या आजच्यापेक्षा चार बोटं कमी उंच लावा."

"चार उंगल से क्या होता है?"

"काहीच होत नाही."

"मग करता कशाला?"

"काहीच होत नाही म्हणूनच."

कान्होजींनी बराच वेळ मिशीवर हात फिरवला. मग करवत घेऊन आले. माझे बांबू खालून चार बोटं कापले, खालचं कापड आत दुमडलं आणि मला पुन्हा ताठ उभी केली. खरंच काही झालं नाही. एक दिवस सोडून पुन्हा चार बोटं. पुन्हा काही नाही.

साऱ्या थंडीभर हेच चाललं. आधी इंदुताईंनी मुलींना सांगितलं की बॉल उंच उडवायचा नाही, माझ्यावरून गेला तर जिनं मारला तिनंच आणायचा. बॉल आणायला तात्यासाहेबांसमोरून जावं लागे, म्हणून मुली पटकन शिकल्या. मी छातीइतकी झाले तेव्हा बॉल छातीवर अडवायला शिकल्या. कमरेइतकी झाले तेव्हा तो खाली ठेवायला. पद्माला सगळ्यांत जड गेलं. ती अजूनही बॉल मारून वाट पाहायची. इंदुताई म्हणायच्या, "पुन्हा." पद्मा जायची, बॉल आणायची, पुन्हा मारायची, पुन्हा थांबायची. "पुन्हा." एकदा ती रडली. इंदुताई शेजारी बसल्या, तिचं रडणं संपेपर्यंत बसल्या, आणि उठताना म्हणाल्या, "चल. पुन्हा."

आणि शहराला काय वाटलं, विचाराल तर सांगते. पहिल्यांदा रस्त्यावरून एक वेणी दिसली. वेणीवरून काय आरडाओरडा करायचा? नंतर कपाळं दिसली. मग नाकं. खासगी बाजारातल्या एका मिठाईवाल्यानं ठरवलं होतं की खांदे दिसले की तक्रार करायची. पण खांदे दिसले तोवर त्याला कोण चांगली खेळते हे कळू लागलं होतं. तो तक्रारीच्या ऐवजी शांताला ओरडून सांगू लागला, "अगं बायें से मार, बायें से!"

एक तात्यासाहेब तेवढे राहिले. ते येताना नजर खाली ठेवून येत, पाठ करून बसत, नजर खाली ठेवून जात. रोज जाताना ते विचारत, "इंदुताई, कनात लावली आहे ना?"

"लावली आहे, तात्यासाहेब."

खोटं काही नव्हतं. मी गुडघ्याइतकी होते, पण होते.

मग एका संध्याकाळी शांतानं बॉल मारला, तो माझ्यावरून सरळ गेला आणि तात्यासाहेबांच्या पगडीला लागला. पगडी उडून रस्त्यात पडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तात्यासाहेब खुर्चीत मागं वळले. समोर मैदान. मैदानात अकरा मुली. मुलींच्या गुडघ्याशी मी. आणि माझ्याजवळ, धापा टाकत, त्यांची नात.

"आजोबा," पद्मा म्हणाली, "बॉल द्या ना."

"कनात कुठंय?"

"ही काय."

तात्यासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता संपलं. फुटबॉल पोलिसांना, इंदुताई मुरैन्याला. इंदुताई मैदानाच्या मधून चालत आल्या. घाईनं नाही. पगडी उचलून, झटकून त्यांच्या हातात दिली.

"हे काय आहे, बाई?"

"कनात आहे. परवापेक्षा चार बोटं खाली."

"आणि परवा?"

"त्याच्या आधीपेक्षा चार बोटं."

"काल कुणाची हरकत होती?"

"नाही."

"परवा?"

"नाही. तुम्ही रोज इथंच होता."

मित्रांनो, दुसरा कुणी असता तर गरजला असता. पण तात्यासाहेब दरबारी माणूस. काल जे चाललं ते आज नाकारायचं नाही, नाकारायचं तर आधी हुकूम दाखवायचा, हे त्यांनी जन्मभर लोकांना सुनावलं होतं. आता हुकूम देणारा दरबारही नव्हता. ते कितीतरी वेळ पगडी हातात फिरवत बसले.

"आमचं संस्थानही असंच गेलं," ते शेवटी म्हणाले. "बोटाबोटानं. रोज वाटायचं, आज तर काही झालं नाही."

इंदुताईंनी पद्माला पुढं ये म्हणून खूण केली.

"पद्मा," तात्यासाहेब म्हणाले, "तू त्या बाजूनं पळतेस का?"

"हो, आजोबा."

"बरं पळतेस?"

"मला काय माहीत! तुम्ही बघा ना."

तात्यासाहेब उठले. वाटलं, घरी निघाले. त्यांनी पगडी डोक्यावर ठेवली, खुर्ची उचलली, मैदानाकडे तोंड करून मांडली आणि बसले. मग बॉल पायानं ढकलायचा प्रयत्न केला. तो पोचला नाही. "पुन्हा," इंदुताईंच्या तोंडून निघून गेलं. मुली हसल्या. तात्यासाहेबांनी पुन्हा ढकलला.

होळीनंतर साहेब आले. नर्सबाई आल्या. बाजारातली माणसं आली. मैदान आता पुरतं मोठं होतं. माझ्यातले बांबू सगळे काढले होते, आणि हातभर पट्टी राहील अशी दुमडून कान्होजींनी मला मैदानाच्या कडेला जमिनीवर अंथरलं होतं. कमिटीची अट होती ना, कनात लावून खेळायचं? लावली होती. शिकारीचे मुक्काम पाहिलेली मी, मैदानाची रेषा झाले होते. त्या सकाळी मला मरण बरं वाटलं असतं, हे लपवत नाही.

नर्सबाईंनी लवकरच एक गोल केला. उंच सिस्टरनंच. पण या वेळी कुणी उभं राहून वाट पाहत नव्हतं. आमच्या मुली पळत होत्या, पडत होत्या, पुन्हा पळत होत्या. गोल मात्र होईना. साहेब घड्याळाकडे पाहू लागले. इंदुताई कडेला उभ्या होत्या, हात मागं बांधून. मी त्यांच्या पायाजवळ होते. 

फाल्गुनातला वारा सुटला. तो माझ्याखाली शिरला. माझी एक कड उचलली गेली, फुगली, अर्धवट उभी राहिली. आणि नेमका त्याच वेळी शांतानं पुढं फेकलेला बॉल लांब गेला आणि माझ्याकडे घरंगळत येऊ लागला. मागून पद्मा धावत होती.

मित्रांनो, मी उभी होते! बॉल येत होता. मी तो अडवला असता. तेच तर माझं काम होतं. कान्होजींचा हात सवयीनं दोरीकडे गेला, मला ताणायला.

"कान्होजी," इंदुताई म्हणाल्या, "सोडा."

"पण बाईसाहेब, गेंद बाहेर जाईल!"

"गेला तर जाऊ दे."

कान्होजींनी दोरी सोडली. एवढंच नाही, त्यांनी पायातली चप्पल काढली आणि जन्मात पहिल्यांदा कनातीवर पाय ठेवला. मला दाबून सपाट केलं. मी पडले. आता माझ्यावरून बॉल जाणार, कुणीही अडवणार नव्हतं.

पद्मा थांबली नाही. तिनं वाट पाहिली नाही. बॉल माझ्या कडेवर चढला आणि तिचा पाय त्यावर आला. रेषेवर, अगदी माझ्या अंगावर तिनं तो थांबवला, वळवला आणि मध्ये फेकला. शांता तिथं होती. कुणीतरी ओरडलं, "बायें से!" शांतानं उजव्या पायानं मारला आणि गोल झाला.

एक-एक. लगेच पंचांची शेवटची शिट्टी झाली. मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. उंच सिस्टरनं पद्माला उचलून घेतलं आणि तिचा सोललेला गुडघा पाहत म्हणाली, "देखो, पट्टी तो बाँधनी ही पड़ी."

साहेब मात्र गोंधळले होते. जिंकल्यास काय ते ठरलं होतं. हरल्यास काय तेही ठरलं होतं.

"बराबरी का तो कुछ तय नहीं है," ते म्हणाले. "अब मैं क्या करूँ?"

तात्यासाहेब खुर्चीतून उठले. हा प्रश्न त्यांच्या हद्दीतला होता.

"साहेब, प्रकरण विचाराधीन ठेवा."

"कब तक?"

"घाई काय? आमच्या दरबारात एक प्रकरण माझ्या वडिलांच्या वेळेपासून विचाराधीन होतं. त्याच्यावर तिघांनी पेन्शन घेतली."

साहेबांचा चेहरा उजळला. ते भोपाळला गेले. इंदुताईंची जागा कायम झाली नाही आणि बंदही झाली नाही. ती विचाराधीन राहिली. विचाराधीन राहूनच त्यांनी तीस वर्षं मुलींना फुटबॉल शिकवला. पद्माच्या मुलीलाही शिकवला. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशीही भोपाळात विचार चालूच होता.

मीही विचाराधीनच आहे. बरीच वर्षं मी मैदानाची कड म्हणून राहिले, मग चुन्याच्या रेषा आल्या. चुना स्वस्त पडतो आणि त्याला राग येत नाही. कान्होजी गेल्यावर मला कोठीत टाकलं. उंदरांनी आतली निळी फुलं कुरतडली. एक पावसाळा मी ओलीच घडीत पडून होते. तेव्हापासून एका कोपऱ्याला जो वास येतो, तो तुम्ही घेऊ नये. हल्ली मुली डबा खायला मला बाहेर ओढून अंथरतात. माझ्यावर लोणच्याचे डाग आहेत. चालायचंच.

मित्रांनो, तुमच्या घरीही अशी एखादी जुनी वस्तू असेल. तिला दसऱ्यानंतर एकदा ऊन दाखवा. ओली ठेवू नका. उसवली तर दोन टाके घाला, ती काही फार मागत नाही. आणि तिला जपता जपता तिच्या आत जे असेल ते कोंडू नका. ही चूक मी इतकी वर्षं केली आणि मला वाटायचं, मी सांभाळतेय.

आता उठा. डबे संपलेत, इंदुताईंच्या जागी आलेल्या नव्या बाई शिट्टी वाजवतायत. कडेनं खेळणार असाल तर एक सांगून ठेवते. बॉल माझ्या दिशेनं आला, तर माझ्याकडे पाहू नका. पळा.